पुराला काय म्हणायचं

आकारामतात्यांनी उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट घट्ट धरलं आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ते नीट दिसेपर्यंत तसेच सावकाश वळत राहिले. मग पकड सोडून त्यांनी खिडकीबाहेर, कृष्णेच्या दिशेने बोट केलं.

"पूर," त्यांचे हात म्हणाले. "ह्यो पूर. आमच्या शाळेपास्नं ह्योच हाय."

समोर बसलेल्या साईराजने नकारार्थी मान हलवली. त्याने दोन्ही तळवे पालथे धरले आणि हलके डुलवत पोटापासून गळ्यापर्यंत वर नेले.

"पूर असा करतात, तात्या. खुणांच्या कोशात हाच आहे. कुठल्याही गावचा बहिरा माणूस हा ओळखतो. तुमच्या खुणेत पाणी कुठे आहे?"

"आन् तुज्या खुणेत माणूस कुठं हाय?"

दोघंतिघं हसले. दोघांनी टेबलावर थापा मारून तात्यांच्या बाजूने कौल दिला, तर पलीकडच्या पोरांनी पाय आपटले. खोलीभर माणसं हमरीतुमरीवर आली होती आणि आवाज म्हणाल तर पंख्याची घरघर, टेबलावरच्या थापा आणि खाली रस्त्यावरचे हॉर्न, एवढाच. तो ऐकणारी शिफा एकटीच होती.

कराडात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी हे मंडळ भरायचं. दारावरच्या पाटीवर पूर्वी 'मूकबधिर मंडळ' असं होतं. आम्ही मुके नाही, आम्ही बोलतो, असं म्हणत तरुणांनी एका दिवाळीत 'मूक'वर रंग फासला होता. त्या रंगाखालून ती अक्षरं अजून दिसत. तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले वेल्डर, मंडळातले सगळ्यात जुने. साईराज फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा, आणि त्याच्या वयाची सगळी पोरं खुणा मोबाइलवर शिकलेली होती.

शिफाचे अम्मी-अब्बा दोघंही जन्मापासून बहिरे. ती स्वतः ऐकणारी. ती तोंडाने बोलायला शिकली ती शेजारच्या हरणाबाईंच्या ओट्यावर, त्यामुळे अम्मीचे, अब्बांचे, तात्यांचे हात तिला लहानपणापासून हरणाबाईंच्या बोलीतच ऐकू यायचे. साईराजचे हात मात्र पाठ्यपुस्तकासारखे उमटायचे. मुंबईला दुभाष्याचं शिक्षण घेऊन ती गेल्या वर्षीच परतली होती. आता कुणा बहिऱ्या माणसाचं दवाखान्यात, बँकेत, कचेरीत काम असलं की तिला बोलावणं यायचं.

भांडणाचं निमित्त तिनेच आणलं होतं. कोयना धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या गावांतून भोंग्याची जीप फिरते. मागच्या मोठ्या पुरात ती एका गावातून दोनदा फिरली, सगळं गाव उठून गेलं आणि एक म्हातारं बहिरं जोडपं भाकरी खात घरात बसून राहिलं. पाणी उंबऱ्यातून आत आलं तेव्हा त्यांना कळलं. होडीवाल्यांना ते दुसऱ्या दिवशी पत्र्यावर सापडले. खोलीतला प्रत्येकजण त्या दोघांना ओळखत होता. म्हणून आता सरकारी कचेरीला खुणांच्या भाषेतली छोटी फिल्म हवी होती. पाणी सोडलं की ती सगळ्यांच्या मोबाइलवर जायची होती. खुणा अचूक असाव्यात, एवढी एक गोष्ट साहेबांनी शिफाला फोनवर बजावली होती.

"तात्या," शिफाने हात उंचावून सगळ्यांचे डोळे आपल्याकडे घेतले, "ही फिल्म एकट्या कराडसाठी नाही. सांगली, मिरज, नदी जाते तिथपर्यंत जाईल. कोशातली खूण घेतली तर सगळ्यांना कळेल."

"आन् ही?" तात्यांनी पुन्हा मनगट धरलं.

शिफा जराशी अडखळली. मग मुंबईला शिकलेली खूण तिने केली. ज्या बहिऱ्या पोराला शाळा मिळत नाही, भाषा मिळत नाही, ते घरच्यांशी जे काही मोडकंतोडकं हातवारे करतं त्याला तिकडे एक नाव होतं.

"ही घरगुती खूण आहे."

सगळे हात थांबले. तात्या तिच्याकडे पाहत राहिले. ती जन्मली तेव्हा तिच्या कानाजवळ ताट वाजवून पाहणारे हेच तात्या होते. ती दचकून रडली, तेव्हा हिचं पेढे वाटून कौतुक करावं की हिच्या अम्मीची, चांदबीची, समजूत काढावी, हे मंडळातल्या लोकांना कळेना. पेढे तात्यांनीच आणले होते.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की बोलणं संपलं; तोंडावर दार लावून घेतल्यासारखंच ते. बैठक तिथेच मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा दुकानात कापूस पिंजायला गेले आणि चांदबी पुढच्या खोलीत गादीच्या खोळीला टाके घालत बसली. शिफा समोर येऊन बसली. चांदबीने दोन-तीन टाके तसेच ओढले, मग सुई ओढणीत खोचून हात मोकळे केले.

"तात्यास्नी लय लागलं काल."

"माहीत आहे मला. पण अम्मी, त्या खुणेत पूर आहे कुठे? नुसतं मनगट आहे."

चांदबीने खोळ बाजूला सारली. मांडीवरचे दोरे झटकले.

"तवा मी नऊ वर्सांची," तिचे हात सांगू लागले. "आमच्या शाळंचं वसतिगृह नदीच्या अंगालाच. लय दिस पाऊस लागून ऱ्हायला हुता. एका सांजंला पाणी अंगणात आलं आन् लाईट गेली. बाई होडी बघाय गेल्या. एक कंदील हुता, त्यो बी पाण्यात पडला."

तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले आणि काही वेळ तसेच राहू दिले.

"अंधार. तुला अंधार म्हंजी काय ठावं न्हाई गं. तुला अंधारात ऐकू येतंय. आमाला अंधारात कायबी न्हाई. हात हलवून हलवून बोललं तर दिसणार कुणाला? पोरं रडत आसतील, मी बी रडत हुते, कुणाचं कुणाला कळंना. पाणी गुडघ्याला लागलं यवढंच कळत हुतं. जगात मी एकलीच ऱ्हायले, आसं वाटलं."

शिफाने विचारायला हात उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मग माजं मनगट कुणीतरी धरलं. कोण ते मागनं कळलं. तात्या तवा थोरल्या पोरांत. मी दुसऱ्या हातानं चाचपत मागलीचं मनगट धरलं, तिनं तिच्या मागलीचं. जरा येळानं एक दाब आला. मी थांबले, आन् आला तसाच मागं धाडला. दोन दाब आले, चालाय लागले. लांब दाब आला, पाय जपून टाकला, तर खाली पायरी. कुणी शिकवलं न्हवतं. कुणी ठरवलं न्हवतं. पाण्यातनं, अंधारातनं आमी सगळी बोलत निघालो."

"सगळी?"

"एक न् एक पोर. उसाच्या रानापल्याड उंच रस्ता हुता, तिथं गावची माणसं बत्त्या घिऊन उभी. उजेडात एकमेकांची तोंडं दिसली तरी कुणी हात सोडंना. एक माणूस हातवारे करून इचारत हुता, कसं आलासा, कुटनं आलासा. आमच्यातल्या कुणीतरी पाण्याकडं बोट केलं आन् आपलंच मनगट धरून दावलं. मग सगळ्यांनीच तसं केलं. तवापासनं पूर म्हंजी ह्योच."

चांदबीला वाटलं असावं, पोरीला अजून पुरतं कळलं नाही. तिने पुढे वाकून शिफाचं मनगट धरलं आणि दोनदा दाबलं.

शिफा उठून उभी राहिली. एक पाऊल पुढेही टाकलं तिने. आपण का उठलो, हे तिला उठल्यावर कळलं. कराडच्या बाजारात रस्ता ओलांडताना अम्मी तिचं मनगट असंच धरायची. दोनदा दाबलं की निघायचं. एकदा दाबलं की जागच्या जागी थांबायचं. फूटपाथ आला की लांब दाब. ती अम्मीची सवय आहे असं शिफा इतकी वर्षं समजत होती. ते शब्द होते. पूर आलेल्या एका संध्याकाळी लहान लहान पोरांनी अंधारात घडवलेले शब्द, आणि ते तिला मराठीच्या आधी येत होते. तोंडातून पहिलं अक्षर फुटायच्या आधी ती ही भाषा पायांनी समजत होती.

तिच्या हातावर काटा उभा राहिला. चांदबीला तो दिसला. तिने लेकीच्या हातावरून तळवा फिरवला आणि सुई पुन्हा बोटांत घेतली.

"हे मी सगळ्यांना सांगते," शिफा म्हणाली. "साईराजला कळलं पाहिजे."

सुई परत ओढणीत गेली.

"सांग की. पन तात्यांनी का सांगितलं न्हाई, त्येचा इचार कर. गोष्ट ऐकली की लोक मान हलीवत्यात आन् घरला जात्यात. शब्द हातात बसाय लागतो."

पुढच्या रविवारी तात्या येतील की नाही याची शिफाला खात्री नव्हती. पण ते आले, आणि टेबलापाशी न बसता मागे भिंतीकडेला बसले. शिफा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. माफीची खूण करायला तिने हात छातीशी नेला तोच त्यांनी तो धरून खाली केला.

"तुजं बी खोटं न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यास्नी कळाय पायजे. घाला तुमचाच पूर. माणसं वाचली म्हंजी झालं. आमच्या शाळेतली आता ऱ्हायलीत किती? आमी गेलो की हा जाणारच हाय."

त्यांनी मनगट धरून दाखवलं नाही. नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

साईराजला हे कळलं तेव्हा तो मनापासून खूश झाला नाही, असं शिफाला वाटलं. जिंकल्यासारखं त्याने काहीच केलं नाही. उलट तात्यांसाठी खुर्ची ओढली आणि चहा मागवला.

बहिऱ्यांच्या बैठकीत चहा नेहमी गार होतो. हातात कप असला की बोलता येत नाही, आणि न बोलता कुणाला राहवत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर कपांची रांग लागली. काम संपलं होतं, गप्पा सुरू झाल्या. सांगलीकडे दिलेली संयोगिता माहेरी आली होती. ती आपल्या घरात पाणी शिरलं तेव्हाचं सांगू लागली. तिचे दोन्ही तळवे पालथे, डुलत डुलत वर निघाले. अंगण. ओटा. उंबरा.

"सासू ऐकणारी," ती सांगत होती. "भोंगा ऐकला तिनं. पण म्हशीला सोडून येत नाही म्हणून गोठ्यात बसून राहिली. मी ओढते, ती मागं खेचते. आणि इकडं पाणी..."

तळवे वर चढत होते. गळ्यापाशी येता येता उजव्या हाताने डावं मनगट धरलं. संयोगिताने सासूचा हात धरला हे सांगितलं, की पूर सांगितला, की दोन्ही, कळायला मार्ग नव्हता. ती पुढे निघूनही गेली. म्हैस शेवटी पोहत आली, असं काहीतरी सांगून तिने सगळ्यांना हसवलं.

साईराजने विचारलं, "पूर ओसरल्यावर म्हशीला कुठे ठेवलं?"

शिफाचा कप ओठांपाशीच थांबला. साईराजने 'पूर' म्हणताना तळवे वर नेले होते आणि मनगट धरलं होतं.

संयोगिताने उत्तर दिलं. त्यात तीच खूण होती, आता जरा घाईची. शेजारच्या मुलीने आपल्या मामाच्या गावचं काही सांगायला घेतलं. तिनेही तशीच केली. कुणी थांबलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. खूण एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली आणि दर वेळी तिचा एखादा कोपरा घासला जाऊन ती गोल होत गेली. मागे बसलेल्या तात्यांनी हात हलवून संयोगिताचं लक्ष वेधलं.

"किती दिस हुता पूर तुमच्याकडं?"

त्यांचे तळवे वर चढले आणि मग मनगटावर पकड बसली. तात्यांना ते जाणवलंसुद्धा नाही. उत्तराची वाट पाहत ते संयोगिताकडे बघत राहिले.

शिफा भिंतीला टेकली. पाणी, भाकरी, आई, हे शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाले, तेव्हा ते ऐकायला कोण होतं? असेल कुणीतरी, पण आपण काय ऐकतोय हे त्याला कुठे ठाऊक असणार! आणि इथे, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत, भर दुपारी, गार चहा हातात घेऊन ती एका शब्दाचा जन्म पाहत होती. तो कुणी घडवला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. आठवडाभर ज्यावरून भांडण झालं ते दोन्ही पूर एकमेकांत मिसळले होते आणि खोलीत कुणालाच पत्ता नव्हता. तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ओरडून इथे ऐकणार कोण, आणि हातांनी सांगितलं तर? लगेच हात थबकले असते. हा बरोबर की तो, यावर पुन्हा थापा पडल्या असत्या. घरट्याकडे बोट केलं की पाखरू उडतं. तिने कप कट्ट्यावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून ती नुसती बघत राहिली.

फिल्म त्याच आठवड्यात झाली. साईराज हिरव्या पडद्यापुढे उभा राहिला. 'पूर' आला तेव्हा त्याने तळवे वर नेले आणि मनगट धरलं. आपण कोशातलीच खूण केली, असंच त्याला वाटत असावं. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तात्यांनी समाधानाने मान हलवली. आपलीच खूण पोराने शेवटी घेतली, असं त्यांना वाटत होतं.

मग शिफाला मराठीत आवाज द्यायचा होता. कचेरीचा मजकूर समोर होता: 'पुराचा धोका असल्याने नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.' तिने पडद्यावर साईराजचे हात पाहिले आणि तोंड उघडलं, पण 'पूर' हा शब्द त्या हातांना पुरेना. तिने ध्वनिमुद्रण थांबवायला सांगितलं, पाणी प्यायली, पुन्हा हात पाहिले. आणि मग हरणाबाईंच्या ओट्यावर शिकलेल्या आवाजात म्हणाली,

"पाणी चढाय लागलंय. एकमेकांचा हात सोडू नगासा."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, हे वाक्य आपल्या मजकुरात नाहीये."

"खुणेत आहे, सर."

"हे एवढं सगळं?"

"हो. एका शब्दात आहे."

पलीकडे ते वाक्य पुन्हा एकदा वाजलं. मग ते म्हणाले, "राहू दे तसंच. चांगलं वाटतंय."

पावसाळ्यात फिल्म दोनदा गेली. दोन्ही वेळा पाणी फार चढलं नाही, पण ते पत्र्यावर सापडलेलं म्हातारं जोडपं पहिल्याच दिवशी गाठोडं घेऊन लेकीकडे जाऊन बसलं, असं तात्यांनी येऊन सांगितलं.

गणपती उठल्यावर शिफा एका पेशंटच्या कामासाठी मिरजेला गेली होती. परतताना ती स्टँडवर कराडच्या गाडीची वाट पाहत उभी होती. पलीकडच्या बाकावर दोन माणसं हातांनी बोलत होती. वय झालेली, अंगात पांढरे सदरे, सीमेकडच्या खेड्यातली असावीत. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. एकजण दुसऱ्याला यंदाच्या पावसाचं सांगत होता. मध्येच त्याच्या हातांनी असं काही केलं की शिफा बॅग उचलून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

त्यांनी दचकून वर पाहिलं. तिने सलाम केला.

"बहिरी?" एकाने विचारलं.

"नाही. आई-बाप बहिरे," शिफाचे हात म्हणाले. "तुम्ही आत्ता एक खूण केली. पुराची. ती कुठून शिकलात?"

माणसाने सोबत्याकडे पाहिलं. हा काय प्रश्न झाला, असा दोघांचा चेहरा.

"कुटनं म्हंजी? ह्यो लय जुना शब्द हाय. आमच्याकडं पहिल्यापासनं असाच."

"पहिल्यापासून?"

"आमच्या म्हाताऱ्यांच्या वक्तापासनं. तुमच्याकडं न्हाई व्हय?"

शिफा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. त्यात थट्टा नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तितक्या सहज तो सांगत होता. तिने हळूच मान हलवली. आहे, आमच्याकडेही आहे. आणि तळवे पालथे धरून डुलवत वर नेले, शेवटी मनगट धरलं.

म्हाताऱ्याने जीभ टाळ्याला लावून नाही नाही केलं. तिचे दोन्ही हात त्याने आपल्या खरबरीत हातांत घेतले, पोटापाशी आणले आणि आधी तिच्या उजव्या हाताची पकड तिच्या डाव्या मनगटावर बसवली. मग ते दोन्ही हात तसेच, न सोडता, डुलवत डुलवत गळ्यापर्यंत वर नेले.

"आदी धरायचं," तो म्हणाला. "पाणी मागनं."

कराडची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी झोंबू लागली. शिफाने बॅग पायाशी ठेवली, मनगट धरलं आणि त्याने दाखवलं तसे दोन्ही हात वर नेले.

म्हाताऱ्याने नीट निरखून पाहिलं.

"आता बराबर," तो म्हणाला.